शके १७०० अधिक ७८ : वडगावचा तह आणि एका ओळीचा कोड

१/ आजचा धागा मावळातल्या एका घटनेपासून सुरू करते. शके १७०० च्या पौष महिन्यात वडगाव मावळ येथे मराठी फौजांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याला कोंडून तह करावयास भाग पाडले. आता शकाचे इसवी सनात रूपांतर करणारा, हातोहात फिरणारा एका ओळीचा कोड चालवून पाहा : शक अधिक ७८. उत्तर येते १७७८. प्रत्यक्षात हा तह झाला जानेवारी १७७९ मध्ये. बेरीज बिनचूक आहे. साल मात्र चुकले.

२/ हा धागा त्या एका वर्षाविषयी आहे, आणि संकेतस्थळांसाठी, सर्व्हरसाठी लिहिलेले कोडचे छोटे तुकडे एकमेकांना देण्याच्या प्रथेविषयीही. माझे मत आरंभीच मांडते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी असे तुकडे मोकळ्या हाताने वाटावेत. परंतु कर्त्याचे नाव, त्यामागचे गृहीतक आणि तो जिथे फसतो ती जागा, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय तुकडा देऊ नये. आणि त्या नसतील तर दुसऱ्याचा घेऊही नये.

३/ हे मत पुस्तकातून आलेले नाही. मावळातील गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्या आमच्या मंडळींसाठी मी एक साधे संकेतस्थळ केले होते. मूळ कागदातले शक, महिना, तिथी भरावी आणि सर्व्हरने इसवी सन लावून घटनांची यादी दाखवावी, एवढेच त्याचे काम. रूपांतराची ओळ मी कुठूनतरी उचलली. कुठून, ते आज मला सांगता येत नाही, आणि या धाग्याचे मूळ नेमके तिथेच आहे.

४/ वडगावच्या एका निवृत्त गुरुजींनी ती यादी वाचली आणि फोन केला. "अगं, तुझ्या यादीत इष्टुर फाकडा ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ पडतो आणि तह १७७८ मध्येच होऊन जातो. तह झाल्यावर तो लढायला आला होता का?" फाकड्याची, म्हणजे कॅप्टन जेम्स स्ट्युअर्टची तारीख मी इंग्रजी साधनांतून थेट घेतली होती. तहाचे साल मात्र कोडने काढले होते. दोन्ही नोंदी एकाच पानावर महिनाभर शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि मला काहीही खटकले नव्हते.

५/ मी पान दुरुस्त केले. त्याला मिनिटही लागले नाही. पण तोवर तो कोड मी दोन मित्रांना दिला होता, त्यांनी आणखी कोणाला तरी दिला होता, आणि यादीतली एक नोंद एका शाळेच्या भित्तिपत्रकावर छापली गेली होती. माझ्या कोडवर माझे नाव नव्हते. त्यामुळे तो ज्यांच्याकडे गेला त्यांना चूक कळली असती तरी ती कोणाला कळवायची हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि दुरुस्ती कोणाकोणाला पाठवायची हे मलाही ठाऊक नव्हते.

६/ आता मूळ घटना नीट पाहू, कारण कोड कुठे फसतो हे तीच उत्तम सांगते. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली कंपनीची फौज डिसेंबर १७७८ च्या उत्तरार्धात बोरघाट चढून खंडाळ्यास आली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती कार्ल्याच्या परिसरात होती. मराठ्यांनी मुलूख उजाड करून रसद तोडली होती. ९ जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली, ११ च्या रात्री तिने माघार घेण्यास आरंभ केला, वडगावपाशी ती वेढली गेली आणि महिन्याच्या मध्यास तह झाला. मराठ्यांच्या बाजूस महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि नाना फडणवीस होते.

७/ म्हणजे खंडाळा ते वडगाव ही सगळी हालचाल साधारण चार आठवड्यांची. शालिवाहन शकात हे आठवडे एकाच वर्षात आणि एकाच महिन्यात येतात : शके १७००, पौष. इसवी सनात मात्र त्यांच्या मधोमध वर्ष बदलते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरची छावणी १७७८ मधली आणि वडगावची शरणागती १७७९ मधली. एका ओळीचा कोड ही अख्खी मोहीम १७७८ मध्ये कोंबतो.

८/ कारण सोपे आहे. शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलते, इसवी सन १ जानेवारीला. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत दोहोंतले अंतर ७८, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. "शक अधिक ७८" हा नियम वर्षाच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाला लागू पडतो. म्हणूनच तो इतका टिकून आहे. चार घटना तपासल्या तर तीन बरोबर निघतात आणि चौथीकडे कोणी पाहत नाही.

९/ शिवचरित्रातलीच उदाहरणे घ्या. अफझलखानाचा वध : शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. अधिक ७८ म्हणजे १६५९, बरोबर. राज्याभिषेक : शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. १६७४, बरोबर. महानिर्वाण : शके १६०२, चैत्र शुद्ध पौर्णिमा. १६८०, बरोबर. तीन कसोट्या उत्तीर्ण झाल्यावर कोणताही विद्यार्थी समाधानाने कोड जतन करील.

१०/ आता पुढच्या दोन. सिंहगडची लढाई : शके १५९१, माघ वद्य नवमी. कोड म्हणतो १६६९. घटना फेब्रुवारी १६७० ची. शिवजन्म : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. कोड म्हणतो १६२९. जन्म फेब्रुवारी १६३० चा. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही पाठ असलेली तारीख ज्या कोडला काढता येत नाही, तो आपण विश्वासाने वापरत असतो. कसोटीसाठी घटना निवडताना वर्षाच्या सीमेवरची घटना मुद्दाम घ्यावी, एवढा धडा यातून घ्यायचा.

११/ मग महिना पाहून ७८ की ७९ ठरवावे का? बऱ्याच प्रमाणात, होय. चैत्र ते कार्तिक ७८ आणि माघ-फाल्गुन ७९, हा नियम पेशवेकाळाच्या उत्तरार्धासाठी निर्धोक आहे. परंतु मार्गशीर्ष आणि पौष या महिन्यांत १ जानेवारी कधी इकडे पडते, कधी तिकडे. वडगावच्या वर्षी पौषाचा पूर्वार्ध १७७८ मध्ये आणि उत्तरार्ध १७७९ मध्ये आला. इथे महिन्याचे नाव पुरत नाही. तिथी घेऊन जंत्री उघडावीच लागते.

१२/ प्रामाणिक कोड इथे काय करील? मार्गशीर्ष किंवा पौष दिसताच तो साल सांगणार नाही. "तिथी जंत्रीत पाहा" असा निरोप देऊन थांबेल. संगणकाकडून आपल्याला नेहमी उत्तराचीच अपेक्षा असते आणि कोड लिहिणाऱ्यालाही उत्तर देण्याची घाई असते. इतिहासात मात्र चुकीचे साल देण्यापेक्षा रिकामी जागा दाखवणे केव्हाही हितकर.

१३/ दुसरी अडचण अधिक फसवी आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन पंचांगाची आहे. इंग्लंडने ग्रेगरियन पंचांग १७५२ मध्ये स्वीकारले. तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्याआधीची कंपनीची पत्रे ज्युलियन तारखांची आहेत, आणि त्यांचे वर्षही २५ मार्चला बदलत असे. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवे पंचांग घेतले होते. म्हणजे शिवकाळात सुरतेच्या इंग्रज वखारीतली तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदातली तारीख यांच्यात, दिवस एकच असूनही, दहा दिवसांचे अंतर असे.

१४/ संगणकाच्या भाषांना ही भानगड ठाऊक नसते. जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि पायथन यांची तारखेची नेहमीची साधने ग्रेगरियन पंचांग मागे मागे ताणत नेतात. जणू ते अनादि काळापासून चालू होते. त्यांना १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारा : मंगळवार. जेधे शकावलीतल्या नोंदीत वार आहे शुक्रवार. यात चूक शकावलीची नाही, भाषेचीही नाही. ज्युलियन तारीख ग्रेगरियन साधनाला विचारली गेली, ही चूक विचारणाऱ्याची. तीच तारीख ग्रेगरियन करून १ मार्च १६३० अशी विचारली की शुक्रवार मिळतो.

१५/ इथे जुन्या नोंदकाराला नमस्कार करावासा वाटतो. शकावलीत त्या दिवशीचे शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र अशी माहिती एकत्र येते. साल सांगायला एवढे कशाला, असे आपल्याला वाटेल. पण एक भाग नकलेत बिघडला तर उरलेल्या भागांवरून बिघाड पकडता येतो. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केल्यावर विद्वानांना शिवजन्मतिथीचा वाद गणिताने लढवता आला, तो या बारकाव्यांमुळेच. आपल्या कोडमध्येही वाराची अशी उलटतपासणी असावी. मूळ कागदात वार असेल तर तो कोडला द्यावा आणि जुळला नाही तर कोडने तक्रार करावी.

१६/ तिसरी अडचण देवनागरी अंकांची. आपण मूळ कागदाप्रमाणे १७०० असे टंकतो. पायथन हे अंक ओळखतो. पीएचपीत पूर्णांक करण्याची नेहमीची सोय वापरली तर त्याचे शून्य होते. शून्य अधिक ७८ म्हणजे ७८. म्हणजे वडगावचा तह थेट शककाळाच्या आरंभी जाऊन बसतो! जावास्क्रिप्टात तर मजकूर आणि संख्या एकमेकांना नुसती चिकटतात आणि १७०० च्या पुढे ७८ लागून सहा अंकी साल तयार होते. अशा भव्य चुका निदान लगेच दिसतात. एका वर्षाची चूक पचून जाते.

१७/ चौथे उदाहरण मोडी वाचणाऱ्या मित्रांसाठी. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर शुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. "तिसा सबैन मया व अलफ" म्हणजे ९ अधिक ७० अधिक १०० अधिक १०००, अर्थात ११७९. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते. त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन येतो; म्हणून वडगावची मोहीम याच एका शुहूर सनात बसते. शब्दांची एक तक्ताओळ आणि बेरीज एवढाच हा कोड. दहा ओळींत मावतो आणि वेळ वाचवतो.

१८/ पण त्यातही खाच आहे. कोड जर "हा शब्द मजकुरात कुठे आढळतो का" असे शोधत असेल, तर "सलासीन", म्हणजे ३०, या शब्दाच्या पोटात त्याला "सलास", म्हणजे ३, सापडतो आणि तो ३३ मोजतो. "खमसैन" मध्ये "खमस" आहे, "समानीन" मध्ये "समान" आहे, "मयातैन" म्हणजे दोनशे, त्यात "मया" म्हणजे शंभर आहे. "तिसा सबैन" वर हा कोड बरोबर चालतो, कारण "सबा" हा शब्द "सबैन" मध्ये तसाच्या तसा येत नाही. पुन्हा तीच गोष्ट : एका कागदावर उत्तीर्ण, दुसऱ्यावर सपशेल नापास. मजकूर आधी शब्दाशब्दांत तोडून मग प्रत्येक अखंड शब्द तक्त्यात पाहिला की प्रश्न सुटतो.

१९/ "हे नवशिक्यांचे प्रश्न," असे कोणी म्हणेल. तसे नाही. आंद्रेआस लुंडब्लाड या प्रोग्रामरने २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर जावा भाषेतला एक छोटा तुकडा दिला होता : फाइलचा आकार माणसाला वाचता येईल अशा रूपात दाखवणारा. पुढे संशोधकांना आढळले की तो तिथला सर्वाधिक नकललेला जावा तुकडा आहे. तो हजारो प्रकल्पांत गेला होता. २०१९ मध्ये लुंडब्लाडने स्वतःच जाहीर केले की त्यात चूक आहे. ९,९९,९९९ बाइट दिले की तो एक मेगाबाइटऐवजी हजार किलोबाइट दाखवतो. चूक कुठे होती? दोन एककांच्या सीमेवर. आपल्या पौषासारखीच.

२०/ या प्रसंगात मला महत्त्वाची वाटते ती चूक नव्हे. तुकड्यावर कर्त्याचे नाव होते, म्हणून नऊ वर्षांनंतरही दुरुस्तीला घर सापडले. तिथला मजकूर कर्त्याचा उल्लेख करण्याच्या अटीवरच वापरता येतो. तरी असंख्य प्रकल्पांनी तो उल्लेख न करता उचलला. त्यांच्याकडे मूळ दुरुस्त झाल्याची वार्ता कशी पोहोचणार? कर्त्याचे नाव लिहिणे हा शिष्टाचार आहेच. त्याहून अधिक, ती दुरुस्तीची परतवाट आहे.

२१/ दुसऱ्या टोकाचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. मार्च २०१६ मध्ये "लेफ्टपॅड" नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेतला आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प उभारताना अडखळू लागले. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. तेव्हा दुसऱ्याचा तुकडा घ्यावा, पण समजून घ्यावा आणि त्याची प्रत आपल्यापाशी ठेवावी. अकरा ओळी वाचायला अकरा मिनिटेही लागत नाहीत.

२२/ आता आपल्या परंपरेकडे वळू. बखरी आणि शकावल्या नकलांनी टिकल्या, आणि नकलांनीच बिघडल्या. नकलनविसाने एखादा आकडा चुकवला की पुढच्या सर्व प्रतींत तो वंशपरंपरेने उतरतो. म्हणूनच वि. का. राजवाडे गावोगाव दफ्तरे शोधत हिंडले आणि १८९८ पासून "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" छापू लागले. १९१० मध्ये त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. साधने रुमालात बांधलेली राहिली की ती मालकासाठीही मुकी असतात. छापली की निष्कर्ष चुकला तरी दुसरा कोणी तो सुधारू शकतो, ही त्या कार्यामागची धारणा.

२३/ कालगणनेतही हेच घडले आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा "द इंडियन कॅलेंडर" हा ग्रंथ १८९६ चा. त्यातली कोष्टके आणि उदाहरणे अशी की ज्योतिष न शिकलेल्या अभ्यासकालाही शिलालेखातली तिथी पडताळता यावी. आजच्या भाषेत बोलायचे तर दीक्षितांनी आपले तुकडे वाटले, पण वापरण्याची रीत आणि मर्यादा यांसह वाटले. मोडकांची जंत्री हाताशी ठेवून पेशवेकाळाचे कागद लावणारे अभ्यासकही त्याच वाटेचे. आपला कोड हा या कोष्टकांचा नातू आहे. आजोबांची शिस्त नातवाला नको का?

२४/ आक्षेप तीन येतात. पहिला : "मेहनत माझी, फुकट का द्यावी?" कारण ती ओळ तुम्हालाही कोणीतरी फुकट दिली होती. शिवाय रूपांतराच्या चार ओळींतून कोणी धनवान होत नाही. त्या चार ओळी कोणत्या कागदांसाठी वापरल्या आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, ही तुमची खरी मिळकत; ती कोणी हिरावत नाही. कागद दडवून ठेवण्याच्या ज्या वृत्तीवर आपण व्याख्यानांतून टीका करतो, ती कोडच्या रूपाने आपल्याच घरात शिरू देऊ नये.

२५/ दुसरा आक्षेप : "आयते दिल्याने विद्यार्थी आळशी होतो." या म्हणण्यात तथ्य आहे; माझाच अनुभव त्याचा पुरावा. पण आळस आयत्या कोडमुळे आला नाही, त्याच्यासोबत काहीच लिहिलेले नसल्यामुळे त्याला मोकळे रान मिळाले. "जानेवारी ते पाडवा या काळात चूक येते" एवढी एक ओळ माथ्यावर असती, तर मी थांबले असते. सूचनेसह दिलेला तुकडा वाचणाऱ्याला पंचांग शिकवतो. मला शक आणि सन यांतले अंतर खऱ्या अर्थाने समजले ते या चुकीनंतरच.

२६/ तिसरा, अगदी आजचा : "आता यंत्राला विचारले की तेच कोड लिहून देते, वाटावाटीची गरज काय?" यंत्र शिकते ते माणसांनी लिहून ठेवलेल्यावर. आपण जगात "अधिक ७८" एवढेच फिरवत राहिलो, तर यंत्रही नम्रपणे आणि आत्मविश्वासाने तेच परत देईल. मार्गशीर्ष-पौषाचा अपवाद, शुहूर सनाचे शब्द, ज्युलियन तारखांचा संकेत या मराठी साधनांच्या बारीक गोष्टी आपणच नीट लिहून ठेवल्या नाहीत, तर त्या दुसरे कोण लिहिणार? तयार सोयींचेही तसेच. ब्राउझरमधले "भारतीय" पंचांग हे १९५७ मध्ये स्वीकारलेले राष्ट्रीय सौर पंचांग आहे. त्यातला चैत्र आपल्या जुन्या कागदातला चांद्र चैत्र नव्हे.

२७/ माझा दुरुस्त तुकडा शब्दांत देते. कोणत्याही भाषेत उतरवा. माथ्यावर : कर्त्याचे नाव, दिनांक, "१७५२ नंतरच्या तारखांसाठी". पहिली पायरी : देवनागरी अंक साध्या अंकांत बदला. दुसरी : महिना चैत्र ते कार्तिक असेल तर ७८ मिळवा. तिसरी : माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवा. चौथी : मार्गशीर्ष किंवा पौष असेल तर साल देऊ नका, जंत्री पाहण्यास सांगा. पायथ्याशी कसोटी : शके १७००, पौष. साल छापले गेले तर कोड नापास. "जंत्री पाहा" आले तर उत्तीर्ण.

२८/ यात उणीव सापडली तर मला अवश्य कळवा. मी दुरुस्त करीन आणि ती कोणी दाखवली हेही कोडच्या माथ्यावर लिहीन. तिथे गुरुजींचा उल्लेख, त्यांच्या संमतीने, आधीच आहे. त्यांना कोडमधले काही कळत नाही. पण स्ट्युअर्ट तहाआधी पडला हे त्यांना ठाऊक होते, आणि कोडची खरी परीक्षा त्या ज्ञानानेच घेतली. म्हणून म्हणते, तुकडा वाटताना तो केवळ कोड जाणणाऱ्यांना देऊ नका. कागद जाणणाऱ्यांना दाखवा.

२९/ शेवटी कार्ल्याच्या लेण्यात जाऊ. स्ट्युअर्ट पडला त्या परिसरापासून ते दूर नाही. तिथला प्रचंड चैत्य एका राजाच्या नावावर नाही. खांबांवर, दारांवर छोटे छोटे ब्राह्मी लेख आहेत : अमक्या गावच्या अमक्याचे दान. धेनुकाकट गावचा सुतार सामी याने दाराचे काम केले, असे एक लेख सांगतो. त्याच गावचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दाराचे दान त्याच्या नावे आहे. त्याच धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांबही आहेत. प्रत्येकाचा वाटा लहान. पण नाव, गाव, बहुधा धंदा आणि काय दिले, एवढे दगडात आहे. त्यामुळेच दोन सहस्र वर्षांनंतर त्या काळचा व्यापार आणि समाज यांविषयी आपण काही बोलू शकतो.

३०/ आपले चार-पाच ओळींचे कोड इतके टिकणार नाहीत, आणि टिकू नयेतही. अधिक चांगले येतील. पण जोवर ते फिरत आहेत, तोवर त्यांवर कोणी दिले, कशासाठी दिले आणि कुठवर चालते एवढे कोरलेले असावे. तुमच्यापैकी ज्यांनी शक, शुहूर, हिजरी किंवा फसली सनाचे रूपांतर लिहिले आहे, त्यांनी आज रात्री ते उघडून शके १७०० चा पौष त्यात घालून पाहावा. १७७८ आले तर खाली जरूर लिहा. भित्तिपत्रक छापले जाण्याआधी दुरुस्त करू.

#मावळ #वडगावचातह #कालगणना #मराठीइतिहास